कॅलेब बोलला तो रविवार

— नाही, तिथं नको. कुठंही बसा, ती एक खुर्ची सोडून. खिडकीपाशी आहे ना, ती घ्या, पाठीला ऊन लागेल. खिडक्या आज उघड्याच ठेवायच्यात, नियम आहे तसा — वारा खेळता राहिला पाहिजे म्हणे. आमच्या या दरीतला वारा, जूनमध्येसुद्धा हाडात शिरतो, तर तो आत घ्यायचा आणि त्याला आरोग्य म्हणायचं. बसा हो. सभा साडेदहाला, तुम्ही फारच लवकर आलात. आलात ते बरं झालं म्हणा, नाहीतर मी एकटीच या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले असते. मीच मांडल्या, सकाळी येऊन. बाकं होती इथं, ओकची, माझ्या आजेसासूच्याही आधीची, ती ओढून भिंतीला लावली — का, तर बाकावर माणसं चिकटून बसतात. आमची माणसं आणि चिकटून. क्वेकर माणूस बाकावर बसला की शेजारी एक मेंढी मावेल एवढी जागा आपणहून सोडतो. अंतर ठेवायला आम्हांला रोगानं शिकवावं लागलं नाही.

पहिल्यांदाच येताय ना? — मान अर्धीच हलवलीत, म्हणजे हो की नाही ते तुमचं तुम्हांला ठाऊक. सांगून ठेवते, म्हणजे घोटाळा नको. आम्ही क्वेकर, तसे ख्रिस्तीच, पण इथं पाद्री नाही, गाणी नाहीत, मेणबत्त्या नाहीत. गप्प बसायचं. आतून काही उमटलं, अगदीच राहवलं नाही, तर उभं राहायचं, दोन वाक्यं बोलायची, बसायचं. त्याला आम्ही 'उठणं' म्हणतो. कुणी उठलं तर त्याला उत्तर द्यायचं नाही. 'वा' नाही, 'खरंय' नाही, काही नाही. आणि नंतर चहाच्या वेळी 'तुम्ही ते असं म्हणालात त्याचा अर्थ काय' असं उकरून काढायचं नाही. शांततेत पडलेलं शांततेतच मुरू द्यायचं. हे मात्र लक्षात ठेवा, याला फार मान आहे आमच्यात. आणि मग शेवटी एक जण शेजाऱ्याशी हात मिळवतो, की सगळे मिळवतात, की झाली सभा. तो एक जण म्हणजे मी. म्हणजे — होते. वर्षानुवर्षं माझा हात पुढं झाल्याशिवाय इथली सभा संपली नाही. आज? आज ती संपवणार. हात मिळवायचा नाही अजून, नुसता छातीवर ठेवायचा, तिनंच काढलंय ते, आणि ठेवते पण अशी, जशी काय राणीच बसली आहे समोर.

ती म्हणजे फिलिपा. येईलच इतक्यात, आधी वास येतो आणि मागून ती, लव्हेंडरचा — नाही हो, छान आहे वास, मी कुठं वाईट म्हणतेय. दक्षिणेकडची, आम्हां उत्तरेतल्या डोंगराळ माणसांतली नव्हे. गिरणीजवळचं घर घेतलं, आणि हा रोग यायच्या आधी जेमतेम दोन-तीन रविवार आमच्यात बसली असेल. सात माणसं होतो आम्ही. त्यातली आयव्ही नव्वदीची, तिला सभा सुरू झाली की संपली हेच कळायचं नाही. पण होतो. बर्फानं दरी बंद झाली तरी मी आणि कॅलेब — कॅलेब माझा नवरा — फावडी घेऊन वाट काढत यायचो, शेगडी पेटवायचो, दोघं तर दोघं, सभा चुकली नाही. मग त्या मार्चमध्ये वरून सांगणं आलं, दारं बंद करा. कुलूप मी लावलं, या हातानं. घरी जाऊन कॅलेबला म्हटलं, संपलं बघ, ही सात डोकी काही पुन्हा एका छपराखाली यायची नाहीत. तो म्हणाला, हं. आणि पुढच्याच आठवड्यात फिलिपाचा फोन — हेस्टर, मी एक नंबर घेतलाय, साडेदहाला सगळ्यांनी त्या एकाच नंबरवर फोन लावायचा, म्हणजे सगळे एकाच लाइनवर येतील, आणि मग गप्प बसायचं. मी म्हटलं, फोनवर गप्प? फोन लावून गप्प बसणाऱ्यांना आमच्याकडे पोलिसांत देतात. — हसा, हसा. तीही हसली. आणि हसून केलंच तिनं ते.

आणि चाललं हो. तेच तर. नसतं चाललं तर मी तिची किती मायेनं समजूत घातली असती. आयव्हीला फोनचं बटण कुठलं दाबायचं ते हिनं बंद दाराच्या पत्रपेटीच्या फटीतून ओरडून ओरडून शिकवलं, गुडघे टेकून, पावसात. प्रत्येकाच्या पायरीवर पाव ठेवून जायची. रोज एकाला फोन, ज्याचा त्याचा वार ठरलेला. आणि पोस्टाच्या काचेवर एक कागद चिकटवला — 'एकटे आहात? आमच्याबरोबर गप्प बसा.' झालं. लोक यायला लागले. कोण कुठले, डोंगरापलीकडचे, ज्यांनी आयुष्यात क्वेकर बघितला नाही ते. विसाच्या घरात गेलो आम्ही. मी जन्मभर दार उघडं टाकून बसले तर सात, आणि या बयेनं दार बंद असताना वीस. आता पोटात दुखणार नाही तर काय होईल माणसाला? आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर तेही म्हणता येत नाही, बीळच तिनं नवं खणलं. मत्सर? — मी म्हटलं का मत्सर? नाही, तुम्ही म्हटलं नाहीत, चेहऱ्यावर दिसलं. आम्हांला मत्सर चालत नाही. आम्ही एकमेकांना 'मित्र' म्हणतो, अगदी कागदोपत्री. मैत्री असतेच असं काही नाही.

आणि गप्प म्हणजे अगदीच गप्प नाही बरं का. फोनवर शांतता ऐकत बसलं ना, की कळतं माणसांना किती आवाज असतात. आयव्हीची मांजर. डग्लसच्या अंगणातल्या कोंबड्या. एकाकडे टोल्यांचं घड्याळ होतं, आणि ते कायम पुढं, सभा अर्ध्यावर आली की भलत्याच वेळी टोले घालायचं, आणि आम्ही सगळे देवाला सोडून टोले मोजत बसायचो. कुणाचं ते कधी कळलं नाही, तो कधी नावच सांगायचा नाही. 'घड्याळवाला' म्हणायचो आम्ही. आणि एक शिट्टी. शिट्टी माझी. हे नाक बघा — मास्कमधून काय दिसणार म्हणा. लहानपणी गाईनं लाथ मारली, हाड वाकडं जुळलं, तेव्हापासून शांत बसले की बारीक शूं वाजतं, चहाच्या किटलीला आधण यायच्या आधी वाजतं ना, तसं. इथं सगळ्यांना माहीत, कुणी कधी चकार शब्द काढला नाही. कॅलेब शेजारी बसायचा. लग्न नवीन असताना एकदा विचारलं त्याला, तुला त्रास नाही का रे होत या शिट्टीचा? म्हणाला, 'तू आहेस हे कळतं.' एवढंच. कॅलेबचं ते भाषणच म्हणायचं.

तर एका रविवारी फिलिपा सभा संपवताना म्हणते, मित्रहो, कुणाच्या तरी लाइनवर बारीक शिट्टी येतेय, यंत्राचाच दोष असणार, पुढच्या वेळी जमलं तर सगळ्यांनी म्यूटचं बटण दाबू या का. यंत्राचा दोष. तिला ठाऊक होतं — बरं, नसेलही, दोन-तीन रविवारांत कुणाचं नाक काय कळणार — पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. मी या सभेची ज्येष्ठ. माझ्या सासूनं ज्या खुर्चीत प्राण सोडला तिथं मी फोन घेऊन बसतेय, आणि ही कालची बाई नाकानं कांदे सोलत मला सांगतेय, तुमचा आवाज होतो. पुढच्या रविवारी दाबलं मी ते बटण. घ्या म्हटलं, शांतता हवी ना, घ्या शांतता.

कॅलेब तेव्हा घरी नव्हता. हिवाळ्याच्या तोंडावर मेंढ्यांच्या गोठ्यापाशी घसरला, खुबा मोडला, हॉस्पिटलातून खालच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये हलवला, आणि तिथं आत जायची बंदी. काचेबाहेर उभं राहायचं, आतून तो बघणार, बाहेरून मी, प्राणिसंग्रहालयात असतं तसं, फक्त कोण कुणाला बघायला आलंय ते कळत नाही. रोज फोन करायची मी, पण कॅलेबशी फोनवर बोलणं म्हणजे विहिरीत हाक मारणं, आपलीच परत येते. तर त्याला रविवारच्या सभेत घ्यायची युक्तीही कुणाची? तिचीच. तिनं तिथल्या मुलींशी बोलून ठरवलं — साडेदहाला एक जण फोन लावून त्याच्या उशीवर ठेवायची आणि आपल्या कामाला जायची. मला का नाही सुचलं हे? बायको मी. आणि नुसतं तेवढंच नाही, गुरुवार त्याचा वार. दर गुरुवारी ती त्याला फोन करायची आणि अर्धा-अर्धा तास चालायचं ते. माझा कॅलेब, अर्धा तास. विचारलं, काय बोलता रे एवढं? म्हणाला, मेंढ्या. दक्षिणेतल्या बाईशी मेंढ्या. मी मेंढ्यांतच वाढले, माझ्याशी कधी बोलला नाही मेंढ्यांबद्दल.

तुम्हांला कॅलेब कसा होता ते सांगते, म्हणजे कळेल. त्यांचं घराणं जुनं क्वेकर. पूर्वी आमची माणसं सगळ्यांना 'तू' म्हणायची — राजाला तू, न्यायाधीशाला तू, तुरुंगात गेली त्यापायी पण कुणाला तुम्ही म्हटलं नाही. आता कुठलं ते. आता आमच्या भाषेत सगळं जग तुम्ही, कुत्र्यालासुद्धा तुम्ही. तो जुना तू उरला जुन्या प्रार्थनांत, देवापुरता. पण कॅलेबच्या घरात आपसांत चालायचा, आणि त्याची आई गेल्यावर तो तू म्हणायला त्याला एकच माणूस राहिलं. मी. बाजारात, सभेत, मेंढ्यांच्या व्यापाऱ्यांशी, सगळ्यांशी तुम्ही, आणि घरात पाय टाकला की तू. म्हणजे देव आणि मी, एवढ्या दोघांपुरता तो शब्द. आणि देवाशी तो फारसं बोलत असेल असं मला वाटत नाही, कारण सभेत तो कधी म्हणजे कधीच उठला नाही. लग्नाआधीपासून बघतेय. माणसं उठली, रडली, आयव्ही एकदा उठून फक्त वाटाण्यांबद्दल बोलली, पण कॅलेब नाही. मी मनात म्हणायची, उठेल एक दिवस, आणि उठेल तेव्हा मी शेजारी असेन. माणूस काही ना काही राखून ठेवतो ना — ते माझं राखून ठेवलेलं होतं.

आणि उठला. म्हणजे पडल्या पडल्या. त्याच रविवारी — मी बटण दाबलं त्या. स्वयंपाकघरात बसले होते, फोन टेबलावर, मटण ओव्हनमध्ये. बटण दाबलं, डोळे मिटले. मध्येच टुक्‌ असं काहीतरी वाजलं, मला वाटलं ते घड्याळ. मग काही नाही. मांजर नाही, कोंबड्या नाहीत. मी म्हटलं, काय सुरेख सभा लागलीय आज, आणि टोलेसुद्धा नाहीत, म्हणजे त्या घड्याळवाल्यालाही फिलिपानं गप्प केलेलं दिसतंय. बसले. बसले. ती 'धन्यवाद, मित्रहो' म्हणेल म्हणून वाट बघत बसले. मटणाचा कोळसा झाला तेव्हा डोळे उघडले. फोन काळाठिक्कर. ते यंत्र, नंतर कळलं, ज्या लाइनवरून बराच वेळ काहीच आवाज येत नाही ती तोडून टाकतं. त्याला वाटतं, तिथं कुणी नाही. बाकी कुणी बटण दाबलंच नव्हतं, म्हणून तुटली ती माझीच. हे दुसऱ्या कुठल्या धर्माच्या माणसांना झालं नसतं बघा. फोन मेलाय आणि बाई म्हणतेय, काय सुरेख सभा.

मी खिडकी उघडून धूर घालवतेय तेवढ्यात फिलिपाचा फोन. आवाज भरून आलेला. म्हणे, हेस्टर, काय बोलले आज कॅलेब. मला जन्मभर पुरेल. — आता तुम्ही असता तर काय म्हणाला असता? 'माझी लाइन तुटली होती, काय बोलला ते सांगा', हेच ना? साधी गोष्ट. मी म्हटलं, 'हो ना.' म्हटलं, 'हो ना, खरंच.' कारण मी नाही म्हटलं असतं तर तिनं सांगितलं असतं, नियमबियम बाजूला ठेवून सांगितलं असतं, चांगली आहे ती. आणि मग माझ्या नवऱ्याचे शब्द मला तिच्या तोंडून ऐकावे लागले असते, तिच्या त्या दक्षिणेकडच्या गोड सुरात. नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं, उद्या त्यालाच विचारीन.

विचारलं. सोमवारी गेले, बर्फाची भुरभुर होती, काचेला तोंड लावून ओरडले, काय बोललास रे काल? त्यानं उशीवरून मान वळवली, बराच वेळ माझ्याकडे बघितलं. आणि बोट उचलून नाकाला लावलं. असं. दोनदा. तुम्हांला ठाऊकच आहे आपल्याकडे नाकाला बोट म्हणजे काय ते — आतली गोष्ट, विचारायचं नाही. वीस जणांना सांगितली, घड्याळवाल्याला सांगितली, तिला सांगितली, आणि मला नाकाला बोट. मी तशीच वळले. हातही हलवला नाही. तीन मैल चालत घरी, आणि सगळी वाटभर तिला शिव्या. त्याला नाही, तिला. गुरुवारी तिचा फोन जाईल तेव्हा दोघं त्यावरच बोलतील, असंही आलं मनात. गुरुवार आलाच नाही. बुधवारी गेला तो.

इथंच मागं आहे, भिंतीपाशी. सगळे दगड सारखे, शोधावं लागतं. पुरताना आम्ही चार-पाच जण, फोन धरून फिलिपा उभी, बाकीच्यांसाठी. आणि तेव्हापासून जो भेटेल तो — कुंपणावरून, रस्त्यापलीकडून — 'कॅलेब शेवटी काय बोलला ना.' बस्स, एवढंच. पुढं कुणी जात नाही, उकरायचं नाही ना. आणि मी म्हणते, 'हो ना.' सहा महिने होत आले मी हो ना म्हणतेय. डग्लस म्हणाला, त्या दिवसापासून माझी झोप सुधारली. आयव्ही, जिला स्वतःचं नाव धड ऐकू येत नाही, तिनं ऐकलं. आणि ती फिलिपा, ती ते शब्द घेऊन फिरते, फुलदाणी कडेवर घेतल्यासारखी, जपून. आज चहाला पुन्हा तेच होईल. पहिल्यांदा सगळे एकत्र, त्याची ती खुर्ची समोर. पुन्हा सगळे तेच म्हणतील, आणि मी हो ना म्हणेन, आणि ती छातीवर हात ठेवेल. मला माझ्याच नवऱ्याची उष्टावळसुद्धा मिळाली नाही हो. चोरून घेतलं तिनं ते. नाही घेतलं, माहीत आहे मला, तरी वाटतं तसं.

— का? चेहरा असा का केलात? पाणी आणू? — काय म्हणालात, मोठ्यानं बोला, मास्कमधून कळत नाही. कुणाचं? — तुमचं? ते घड्याळ तुमचं?

बरं.

म्हणजे घड्याळवाले तुम्ही. मघाशी अर्धी मान हलवली ती म्हणून. आणि मी तुम्हांला क्वेकर म्हणजे काय ते शिकवतेय, आणि तुम्ही बसलात निमूट ऐकत, कमाल आहे. नाव काय तुमचं? लेनर्ड. इतके दिवस सांगायला काय झालं होतं? — हं. बायकोचं घड्याळ. मग नका बंद करू ते, पुढं तर पुढं. कुणी सांगितलं तरी नका करू.

म्हणजे तुम्ही होता त्या रविवारी. नाही, सांगू नका. मी नियम सांगितलाय तुम्हांला मघाशी, माझ्याच तोंडानं. बसा, उठताय कुठं? थांबा. तसं बघायला गेलं तर सभा अजून सुरू झालेली नाही. आणि तुम्ही काही सभासद नाही, तुम्हांला नियम लागू नाही. आणि मी विचारत नाहीये. मी नुसती इथं उभी आहे. तुमच्या तोंडून काही निघालं तर ते माझ्या कानावर पडेल, त्याला मी काय करणार. — हळू. दाराकडे तोंड नका करू.

काय? एवढंच?

पुन्हा म्हणा. — 'आहेस का तू.'

एवढ्यासाठी डग्लसची झोप सुधारली? एवढ्यासाठी सहा महिने मी — थांबा. नीट आठवा हं, लेनर्ड. 'आहेस का तू'? 'आहात का तुम्ही' नाही? सगळ्यांना उद्देशून, असं नाही? — तू. खात्री आहे. — हो, देवाला, तुम्हांला तसंच वाटलं असणार. कुणालाही वाटेल. त्या शब्दानं आता दुसरं कुणाला हाक मारतं कोण? शांततेत एक मरायला टेकलेला म्हातारा विचारतो, आहेस का तू. देवालाच. दुसरं कोण असणार.

शिट्टी नव्हती. कळलं का तुम्हांला? शिट्टी नव्हती त्या दिवशी लाइनवर. बटण दाबलं होतं मी.

आणि मग? मग कुणी काही बोललं? — नाही. अर्थात नाही. उठलेल्या माणसाला उत्तर द्यायचं नाही. — पुन्हा विचारलं त्यानं? पुन्हा विचारलं. आणि वीस माणसं, एवढी चांगली माणसं, माना खाली घालून गप्प. एकानं जरी म्हटलं असतं, कॅलेब, कुणाला विचारताय हो — नाही, मीही नसतं म्हटलं. मीही डोळे पुसले असते आणि म्हटलं असतं, जन्मभर पुरेल. — तुमचं घड्याळ? त्याच वेळी टोले पडले? म्हणजे त्याला उत्तर मिळालं ते तुमच्या बायकोच्या घड्याळाकडून. नाही, वाईट नका वाटून घेऊ. कुणीतरी होतं, एवढं तरी कळलं असेल त्याला.

आणि तो सोमवारी नाकाला बोट लावतोय. काचेतून. नाक कुठं गेलं तुझं, असं विचारतोय, आणि मी पाठ फिरवून चालले. बावळट बाई. बोट दुसऱ्याच्या नाकाला लावायचं होतंस रे, माझ्या, काचेवर — त्याला तरी कुठं सुचणार. मला हात लावू नका, नियम आहे. मी ठीक आहे. खिडकीतून वारा येतोय, डोळ्यांत जातो.

— शू. फाटक वाजलं. आला ना वास? तीच. ऐका, लेनर्ड, नीट ऐका. यातलं एक अक्षर तिला कळता कामा नये. चहाला नाही, नंतर नाही, कधीच नाही. ती विचारणार नाही, पण तुम्ही भोळे दिसता, तुमच्या तोंडून निसटेल. तिला वाटतंय तो देवाशी बोलला. वाटू दे. जन्मभर पुरणार आहे ना तिला, पुरू दे, डग्लसलाही झोप लागू दे. त्यांच्याकडे देवाचं आहे. माझं मी यातलं कुणाला वाटून देणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

या, फिलिपा. या. हो, मीच मांडल्या. नाही, एकटी कुठं, हे होते ना — ओळखा बघू कोण. घड्याळ. हो, तेच. आयव्हीला त्या दाराजवळच्या खुर्चीत बसवा, तिला ऊन लागू द्या. सभा तुम्हीच संपवा आज, ठरलंय तसं, माझं काही म्हणणं नाही. मी इथं बसते, त्याच्या खुर्चीशेजारी, माझी जागा तीच. — मास्क? राहू दे जरा नाकाखाली, कोपऱ्यात आहे मी, खिडकी उघडी आहे, सगळ्यांपासून लांब आहे. हो, माहीत आहे मला वाजेल ते. वाजू दे. आज मी काही बटण दाबणार नाही. बसा सगळे. साडेदहा झाले, गप्प बसा आता.